'मशीन हँग झालं' म्हणजे नेमकं काय झालं? स्वस्त लिनक्स लॅपटॉपांवरची पुन्हा पुन्हा येणारी तक्रार

आमच्याकडे टेस्टिंगसाठी चौदा लॅपटॉप आहेत. सगळे स्वस्तातले. काही मोठ्या ऑफिसांनी काढून टाकलेले सेकंडहँड, काही पंख्याशिवाय चालणारे छोटे, २ जीबी रॅम आणि ३२ जीबी ईएमएमसीवाले (ईएमएमसी म्हणजे डिस्कच्या जागी असलेली साठवणीची चिप). हे मुद्दाम केलं आहे. आमचं सॉफ्टवेअर खेड्यांतल्या शाळांमध्ये चालतं आणि तिथल्या टेबलावर असतात त्याच ताकदीची मशीनं आमच्याही टेबलावर हवीत. १६ जीबीच्या लॅपटॉपवर 'पास' झालेली टेस्ट त्या शाळेतल्या बाईंच्या काहीच कामाची नसते.

या मशीनांची एक तक्रारवही आहे. वर्षभरापूर्वी ती उघडली की पानोपानी एकच मजकूर सापडायचा: "मशीन ७. हँग झालं. बटण दाबून रिस्टार्ट केलं." खाली तारीख. दोन दिवसांनी मशीन ४, तेच वाक्य. मग पुन्हा ७. आमचा ठरलेला उपाय म्हणजे लिनक्स नव्याने टाकणं. आठवडाभर बरं चालायचं आणि पुन्हा वहीत तीच ओळ. एकाच मशीनवर तिसऱ्यांदा इन्स्टॉल करायला बसले तेव्हा लक्षात आलं, की आपण काय दुरुस्त करतोय हेच आपल्याला ठाऊक नाही. 'हँग' या एका शब्दाखाली निदान चार वेगवेगळे बिघाड येत होते आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा होता. त्यांतल्या एकावरही नव्याने इन्स्टॉल करणं हा इलाज नव्हता.

ते चार ओळखायचे कसे आणि प्रत्येकाला काय करायचं, ते पुढे सांगते. कमांडांची आणि फाइलींची नावं देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलवर ती नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांत टाइप करा. आमच्या मशीनांवर डेबियन आणि उबंटू हे लिनक्सचे दोन प्रकार आहेत, त्यामुळे पॅकेजांची नावं तिथली आहेत.

बटण दाबून धरण्याआधी दोन मिनिटं

पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरलं की मशीन बंद होतं आणि पुरावाही त्याच्याबरोबर जातो. म्हणून आमच्याकडे पहिला नियम केला, की गोठलेल्या मशीनला लगेच हात लावायचा नाही. आधी बघायचं.

सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट अगदी साधी आहे. स्क्रीनवरच्या घड्याळात सेकंद दिसतील अशी सेटिंग सगळ्या मशीनांवर करून ठेवली. मशीन गोठलं की घड्याळ ज्या सेकंदाला थांबलं तो आकडा समोर दिसतो. तो कागदावर लिहून घ्यायचा, नंतर लॉग वाचताना त्याचं मोल कळतं. आणि घड्याळ रखडत का होईना पुढे सरकत असेल, पाच-दहा सेकंद थांबून एकदम उडी मारत असेल, तर मशीन मेलेलं नाही, दमलेलं आहे.

मग कॅप्स लॉक दाबा. दिवा लागला-विझला तर मशीन जिवंत आहे. मात्र दिवा हलला नाही म्हणून मशीन मेलं असं समजू नका. ग्राफिकल डेस्कटॉप चालू असताना तो दिवा डेस्कटॉपच सांभाळतो, त्यामुळे फक्त डेस्कटॉप अडकला असला तरी दिवा हलत नाही. इथे आम्ही बरेच दिवस फसलो होतो. यापुढची पायरी म्हणजे कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबणं. काळा टेक्स्ट कन्सोल आला तर डेस्कटॉपपुरताच प्रश्न आहे.

खरा निवाडा दुसऱ्या मशीनवरून होतो. शेजारच्या लॅपटॉपवरून गोठलेल्या मशीनला पिंग करा, म्हणजे नेटवर्कवरून नुसती हाक मारा, मग एसएसएचने, म्हणजे दुरून लॉगिन करून, आत जायचा प्रयत्न करा. पिंगला उत्तर येतंय, पण एसएसएचला लॉगिन मिळत नाही, नुसतं थांबून राहतं, असं झालं तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जिवंत आहे आणि त्याच्यावर चालणारे प्रोग्रॅम अडकले आहेत. कारण पिंगचं उत्तर कर्नल स्वतः देतं, एसएसएचला मात्र एक प्रोग्रॅम उठून कामाला लागावा लागतो. पिंगलाही उत्तर नाही, कॅप्स लॉक मेलेला, घड्याळ थांबलेलं, तेव्हाच 'पूर्ण गोठलं' असं लिहायचं. यासाठी प्रत्येक मशीनवर एसएसएच सर्व्हर आधीच चालू असायला हवा आणि वरच्या झाकणावर मशीनचा आयपी पत्ता चिकटवलेला हवा. गोठल्यावर तो कुणी सांगत नाही.

बंद करायची वेळ आलीच, तरी बटणाआधी एक वाट आहे. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून ठेवायचं आणि सावकाश, एकेका सेकंदाच्या अंतराने एस, यू, बी दाबायचं. एस म्हणजे डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून टाक, यू म्हणजे डिस्क फक्त वाचण्यापुरती कर, बी म्हणजे रिबूट. बऱ्याच लॅपटॉपांवर प्रिंट स्क्रीनसाठी एफएन बटणही लागतं. कर्नल जिवंत असेल तर हे चालतं आणि लॉगचा शेवटचा तुकडा वाचतो. या सोयीला सिसआरक्यू म्हणतात. उबंटूमध्ये याची मूळ सेटिंग १७६ असते. तिच्यात या तीन अक्षरांना परवानगी आहे, पण 'एफ'ला नाही. 'एफ' म्हणजे सगळ्यात जास्त मेमरी खाणारा प्रोग्रॅम मार. टेस्टिंगच्या मशीनांवर आम्ही 'कर्नल.सिसआरक्यू'ची किंमत १ केली आहे, म्हणजे सगळी अक्षरं चालतात. शाळेत पाठवायच्या मशीनवर असं करू नका.

पुन्हा चालू झाल्यावर पहिलं काम 'जर्नलसीटीएल -बी -१ -ई'. ही कमांड जर्नलमधल्या, म्हणजे सिस्टिमच्या लॉगमधल्या, मागच्या बूटच्या नोंदींचा शेवट दाखवते. कागदावरची वेळ आणि शेवटच्या नोंदीची वेळ शेजारी ठेवा. एक सावधगिरी मात्र हवी. जर्नल साध्या नोंदी डिस्कवर पक्क्या करायला पाच मिनिटांपर्यंत थांबतं, त्यामुळे अचानक गोठलेल्या मशीनचा शेवटचा भाग गायब असू शकतो. ज्या मशीनवर संशय आहे तिथे जर्नलडीच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'सिंकइंटरव्हलसेक' दहा सेकंदांवर आणा. निदान झालं की परत काढा, कारण ईएमएमसीवर सारखं लिहिणं बरं नाही.

मेमरी संपली

आमच्या वहीतल्या सर्वाधिक 'हँग' या जातीच्या निघाल्या. लक्षणं अशी: घड्याळ उड्या मारतं, माउस मिनिटभराने हलतो, पिंग येतं, एसएसएच येत नाही, आणि डिस्कचा दिवा असेल तर तो सतत पेटलेला.

पुष्कळांचा समज असतो, की मेमरी संपली की लिनक्स एखादा प्रोग्रॅम मारतं आणि पुढे जातं. मारतं खरं, पण फार उशिरा. त्याआधी कर्नल जागा करायला एक मार्ग शोधतं. चालू प्रोग्रॅमांचा जो कोड डिस्कवर फाइलच्या रूपात आहेच, तो मेमरीतून काढून टाकतं. पुढच्याच क्षणी तो कोड पुन्हा लागतो, मग तो डिस्कवरून वाचला जातो, त्यासाठी दुसरा कोड बाहेर जातो. हे चक्र मिनिटंच्या मिनिटं चालतं. म्हणूनच स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) अजिबात नसलेल्या मशीनवरही डिस्कचा दिवा पेटलेला दिसतो. "स्वॅप बंद केलं तरी हँग होतंच" ही तक्रार आमच्या इथल्या मुलाने अगदी हिरमुसून केली होती. त्याचं चुकलं नव्हतं, पण स्वॅप बंद करणं हा उपायच नव्हता.

खात्री करायला 'प्रेशर' नावाची सोय वापरा. कर्नल ४.२० पासून ती आहे. '/प्रोक/प्रेशर/मेमरी' ही फाइल वाचली की दोन ओळी दिसतात, 'सम' आणि 'फुल'. 'फुल'च्या ओळीतला 'एव्हीजी१०' म्हणजे गेल्या दहा सेकंदांत किती टक्के वेळ सगळीच कामं मेमरीसाठी ताटकळली. निवांत मशीनवर तो शून्य असतो. आमच्या २ जीबीच्या मशीनवर ब्राउझर, लोकल सर्व्हर आणि टेस्ट स्क्रिप्ट एकत्र चालू केल्यावर तो चढत चढत चाळिसाच्या पुढे गेला आणि मग तो आकडा वाचायलाही मशीन उत्तर देईना. दर पाच सेकंदांनी ही फाइल वाचून एका लॉगमध्ये टाकणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिहून ठेवा. पुढच्या वेळी वाद घालावा लागत नाही.

उपाय दोन. पहिला झेडरॅम. मेमरीतल्याच काही भागात डेटा दाबून ठेवायचा, डिस्कला हात लावायचा नाही. फेडोरा या लिनक्सच्या आणखी एका प्रकाराने २०२० मध्ये, ३३व्या आवृत्तीपासून, हे मुळातच चालू करून दिलं. डेबियनवर 'झेडरॅम-टूल्स' टाका आणि '/ईटीसी/डिफॉल्ट/झेडरॅमस्वॅप'मध्ये अल्गोरिदम झेडएसटीडी, टक्केवारी ५० ठेवा. २ जीबीच्या मशीनला याने चांगलाच श्वास मिळतो. ईएमएमसीवर स्वॅप फाइल असेल तर ती काढा. ही चिप संथ असते आणि सततच्या लिहिण्याने झिजते.

दुसरा उपाय 'अर्लीऊम'. हा छोटा प्रोग्रॅम उपलब्ध मेमरी आणि मोकळं स्वॅप दोन्ही १० टक्क्यांखाली गेली, की वेळेआधीच एखाद्या जड प्रोग्रॅमला बंद व्हायला सांगतो. मशीन गोठायचं थांबतं.

इथेच आम्ही नवीन घोळ करून बसलो. अर्लीऊम सगळ्या मशीनांवर टाकला आणि वहीतल्या 'हँग'च्या नोंदी एकदम कमी झाल्या. सगळे खूश. पंधरा दिवसांनी बग ट्रॅकरवर नवी तक्रार: "ॲप मध्येच आपोआप बंद पडतं, कारण कळत नाही." डेव्हलपरने तीन दिवस कोड उलथापालथा केला. ॲप पडत नव्हतं, अर्लीऊम ब्राउझरला मारत होता. जर्नलमध्ये तशी स्पष्ट नोंद होती, प्रोग्रॅमच्या नावासकट, पण ती बघायचं कुणाला सुचलं नाही. डेव्हलपरची मी मनापासून माफी मागितली.

त्या दिवसापासून आमची मशीनं दोन गटांत आहेत. हिरव्या स्टिकरची मशीनं सांभाळलेली: झेडरॅम, अर्लीऊम, सगळं. रोजच्या टेस्ट तिथे. लाल स्टिकरची तीन मशीनं शाळेत असतात तशीच ठेवलेली, कुठलीही मलमपट्टी न करता. लाल मशीन मेमरीमुळे गोठलं तर तो आमच्या सॉफ्टवेअरचा बग आहे आणि तसाच नोंदवायचा. टेस्टिंगच्या मशीनला बरं करताना आपण वापरणाऱ्याचं दुखणंच तर झाकत नाही ना, हे तपासायला हवं, हे मला अर्लीऊमच्या फजितीनंतर कळलं. लाल गटासाठी स्वतंत्र मशीन नसेल तर ८ जीबीच्या लॅपटॉपवर कर्नलच्या ओळीत (ती कशी बदलायची ते पुढे आहे) 'मेम=२जी' टाकून बूट करा, उरलेली मेमरी तो वापरणारच नाही.

खरंखुरं गोठणं

घड्याळ थांबलेलं, पिंग बंद, सिसआरक्यूला दाद नाही. जर्नलमध्ये चूक दाखवणारी एकही ओळ नाही, नोंदी मध्येच तुटलेल्या. आणि गंमत म्हणजे हे जड काम चालू असताना होत नाही, कुणी नुसतं वाचत बसलंय किंवा छोटा व्हिडिओ चालू आहे अशा हलक्या कामात होतं.

तुमच्याकडे २०१३ ते २०१५ च्या सुमाराचा छोटा स्वस्त लॅपटॉप असेल तर आधी 'एलएससीपीयू' चालवून प्रोसेसरचं नाव बघा. ॲटम झेड३७३५एफ, सेलेरॉन एन२८३०, एन२८४०, पेंटियम एन३५४० ही मंडळी 'बे ट्रेल' या कुळातली. या कुळावर लिनक्स अचानक गोठतं ही तक्रार कर्नलच्या बगझिलात, म्हणजे बगच्या नोंदवहीत, १०९०५१ या क्रमांकाखाली वर्षानुवर्षं चालली. प्रोसेसर रिकामा असताना खोल झोपेच्या अवस्थेत जातो आणि तिथून नीट उठत नाही, असं तिचं साधारण स्वरूप. पुढच्या कर्नलांत यावर बरंच काम झालं, म्हणून पहिला उपाय ताजं कर्नल. ते टाकूनही गोठत असेल तर खोल झोपच बंद करायची: कर्नलच्या ओळीत 'इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१'.

हे थेट कायमचं लिहून टाकू नका. बूट होताना ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेनूवर 'ई' दाबा, 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी हे जोडा आणि एफ१०ने बूट करा. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो. '/प्रोक/सीएमडीलाइन' वाचून तो खरोखर लागू झाला का ते बघा. स्पेलिंग चुकलं तर कर्नल गप्प बसतं, ओरडत नाही. आमच्या मशीन ४ वर मी डॉटऐवजी अंडरस्कोर टाकला होता आणि आठवडाभर "या उपायाने काही होत नाही" असं सगळ्यांना सांगत होते. पूर्वी जितक्या वेळात गोठायचं त्याच्या चौपट वेळ नीट चाललं, की मग '/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब'मध्ये लिहा आणि 'अपडेट-ग्रब' चालवा. याची किंमत म्हणजे बॅटरी लवकर उतरते आणि तळ कोमट राहतो. टेबलावर चार्जर लावून ठेवलेल्या टेस्टिंगच्या मशीनला ते चालतं.

याच कुळातल्या काही मशीनांवर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरूच होत नाही. प्रोसेसर ६४ बिटांचा, पण यूईएफआय, म्हणजे मशीन सुरू करणारं फर्मवेअर, ३२ बिटांचं. पेनड्राइव्हवर 'बूटआयए३२.ईएफआय' ही फाइल असेल तरच ते उचलतं. २०१४ मध्ये आलेल्या ३.१५ कर्नलपासून असं मिश्र बूट करता येतं. चालू मशीनवर '/सिस/फर्मवेअर/ईएफआय/एफडब्ल्यू_प्लॅटफॉर्म_साइझ' वाचलं की ३२ किंवा ६४ असं सरळ उत्तर मिळतं.

बे ट्रेल नसेल आणि तरी गोठत असेल, तर रॅमवर संशय घ्या, विशेषतः दुकानदाराने विकताना 'रॅम वाढवून दिली' असेल तर. मेमटेस्ट८६+ ची ६वी आवृत्ती यूईएफआयवरही चालते. रात्री लावून जा, सकाळी बघा. एक जरी चूक दाखवली तरी ती पट्टी बदलायची. पट्टी काढून, सोनेरी कडा साध्या पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसून परत बसवल्यावर आमचं एक मशीन सुधारलं.

डिस्कसाठी ताटकळणं

ईएमएमसीवाल्या मशीनांवर तिसरा प्रकार दिसतो. माउस छान हलतो, पण काही उघडायला गेलं की अर्धा-एक मिनिट काहीच होत नाही, मग सगळं एकदम उघडतं. '/प्रोक/प्रेशर/आयओ' वाढलेलं, मेमरीचं प्रेशर मात्र शून्य. कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या 'डीमेसेज'मध्ये 'टास्क १२० सेकंदांहून जास्त अडकली' अशा अर्थाच्या इंग्रजी ओळी.

आधी जागा बघा. ३२ जीबी म्हणून विकलेली ईएमएमसी लिनक्सला २९च्या आसपास दिसते आणि टेस्टचे स्क्रीनशॉट, व्हिडिओ, जुनी कर्नलं यांनी ती बघता बघता भरते. 'डीएफ -एच'ने जागा दिसते, पण 'डीएफ -आय'ही चालवा. लाखो बारक्या फाइलींनी आयनोड (प्रत्येक फाइलीला एक लागणाऱ्या नोंदी) संपले तर जागा शिल्लक असूनही लिहिता येत नाही. जर्नलला 'सिस्टिममॅक्सयूझ=२००एम' अशी मर्यादा घाला. जुनी कर्नलं 'एपीटी ऑटोरिमूव्ह'ने काढा. 'एफएसट्रिम.टायमर' चालू आहे ना ते बघा, तो आठवड्यातून एकदा मोकळ्या झालेल्या जागेची खबर चिपला देतो. ती मिळाली नाही तर लिहिणं हळूहळू मंदावत जातं.

मग चिपचं वय बघा. '/सिस/ब्लॉक/एमएमसीबीएलके०/डिव्हाइस/लाइफ_टाइम' या फाइलीत दोन आकडे असतात. ०एक्स०१ म्हणजे आयुष्याचे १० टक्क्यांपर्यंत खर्च झाले, ०एक्स०५ म्हणजे ४० ते ५०, ०एक्स०ए म्हणजे ९० ते १००, आणि ०एक्स०बी म्हणजे अपेक्षित आयुष्य संपलं. शेजारच्या 'प्री_ईओएल_इन्फो'मध्ये ०एक्स०१ असेल तर ठीक, ०एक्स०२ म्हणजे इशारा. सेकंडहँड मशीन घेताना दुकानात लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करून हे दोन आकडे मी आता आधी बघते. चिप मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते, बदलता येत नाही, त्यामुळे बाहेरून चकचकीत दिसणारं मशीन आतून म्हातारं असू शकतं.

दर गुरुवारी बिघडणारं मशीन

आता मशीन ७. "ताई, सातवं परत गेलं," ही हाक मला दर गुरुवारी यायची. बाकीच्या दिवशी बहुतेक ठीक. पुण्यात गुरुवार हा देखभालीसाठी वीज जाण्याचा वार, त्यामुळे सगळ्यांना वाटलं व्होल्टेजचा काहीतरी त्रास असेल.

एका गुरुवारी मी त्याच्याजवळ बसून राहिले. मशीन गोठलेलं नव्हतं. घड्याळ नीट चालू, मेमरी मोकळी, डिस्क निवांत. तरी ब्राउझर उघडायला दीड मिनिट. '/प्रोक/सीपीयूइन्फो'मधून मेगाहर्ट्झच्या ओळी काढल्या तर चारही कोर ८०० च्या खाली खिळलेले, कितीही काम दिलं तरी वर जाईनात. तापमान ५० अंशांच्या आत, म्हणजे उष्णतेमुळे मंदावलेलं नाही. सहज म्हणून चार्जर काढला आणि बॅटरीवर येताक्षणी आकडे २३०० वर गेले. लावला, परत खाली. काढला, वर.

उलगडा झाला तो चार्जरच्या टोकात. काही कंपन्यांच्या चार्जरच्या गोल पिनेत मधोमध केसाएवढी बारीक सुई असते. तिच्यातून लॅपटॉपला चार्जरची ओळख पटते. ओळख पटली नाही तर लॅपटॉप सावधगिरी म्हणून प्रोसेसर मंद चालवतो. आमच्या एका चार्जरची ती सुई वाकली होती. मोबाइलचा टॉर्च पाडून पाहिलं तेव्हा दिसली. तो चार्जर मुळात मशीन ११चा, आणि ११ क्वचितच वापरात. गुरुवारी वीज गेली की सगळे इन्व्हर्टरच्या दोन बोर्डांपाशी टेबलं सरकवायचे, हाताला येईल तो चार्जर लावायचे, आणि तो वाकडा नेमका सातव्याच्या वाट्याला यायचा, कारण दोघांची पिन एकाच मापाची. चार्जर बदलला, प्रत्येक चार्जरवर मशीनचा नंबर लिहिला. सातवं त्यानंतर गुरुवारी बिघडलेलं नाही. यासाठी मी त्याच्यावर दोनदा लिनक्स टाकलं होतं.

गुरुवारचा आणखी एक त्रास घड्याळाचा. बॅटरी मेलेल्या जुन्या मशीनचा मदरबोर्डवरचा छोटा सेलही बहुधा संपलेला असतो. वीज गेली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि नेट जोडेपर्यंत ब्राउझर प्रत्येक साइटचं सर्टिफिकेट नाकारतो. नवा सीआर२०३२ सेल पुण्यात तापकीर गल्लीत कुठेही मिळतो. फक्त लॅपटॉपमध्ये तो बऱ्याचदा वायर आणि जोडणीसकट असतो, म्हणून जुना बरोबर न्या. घड्याळ बरोबर साडेपाच तास पुढे असेल तर मात्र सेलचा दोष नाही. त्या मशीनवर विंडोजही आहे. विंडोज हार्डवेअरच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स ती यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, समजून त्यात भारताचे साडेपाच तास मिळवतं. नेट असेपर्यंत वेळ आपोआप सुधारते, ऑफलाइन टेस्टमध्ये मात्र लॉगिन केल्या केल्या सेशन संपतं आणि टेस्टर बग नोंदवतो. 'टाइमडेटसीटीएल' चालवून 'आरटीसी टाइम' (हार्डवेअरच्या घड्याळाची वेळ) ही ओळ वाचा, लगेच कळेल.

वाय-फायमुळे अडकलेलं पानही वहीत 'हँग' म्हणूनच लिहिलं जायचं, त्याचं थोडक्यात सांगते. नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'वायफाय.पॉवरसेव्ह=२' करा. इथे २ म्हणजे बंद आणि ३ म्हणजे चालू, उलटं समजू नका. राउटरशेजारी बसूनही सिग्नल एकच कांडी दाखवत असेल आणि कार्ड आरटीएल८७२३बीई असेल, तर त्याच्या ड्रायव्हरच्या मोड्यूलला 'ॲन्ट_सेल' हा पर्याय १ किंवा २ देऊन बघा. कार्डाला अँटेना एकच जोडलेली असते आणि ड्रायव्हर कधी कधी दुसऱ्याच जोडणीवर ऐकत बसतो.

वहीतले रकाने आता बदलले आहेत. घड्याळ किती वाजता थांबलं, कॅप्स लॉक, पिंग, एसएसएच, चार्जरचा नंबर, काय चालू होतं. कुणी मदत मागितली तर मीही आधी एवढंच विचारते, आणि सोबत कर्नलची आवृत्ती आणि जर्नलच्या शेवटच्या पन्नास ओळी. परवाची नोंद अशी आहे: "मशीन १२, लाल. १२:४१:०७ ला घड्याळ अडखळलं, थांबलं नाही. पिंग आहे, एसएसएच नाही. मेमरी फुल ३८. चौथीच्या गणिताचं पान उघडं होतं, वीस चित्रं एकदम लोड झाली. ऑल्ट-प्रिंट स्क्रीन-एफ, ब्राउझर गेला, मशीन आलं. बग नोंदवला." ही नोंद वाचून डेव्हलपरने मला एकही प्रश्न विचारला नाही. चित्रं एकेक करून लोड करणारा बदल संध्याकाळपर्यंत टेस्टिंगला आला.